कुरणाचं फाटक कोपऱ्यात ठेवा

फाटक कुंपणाच्या मधोमध असलं की जनावरं हाकताना निम्मी पुढे निघून जातात आणि मग त्यांच्यामागे पळत बसावं लागतं. गुरं कुंपणाच्या कडेकडेने चालत कोपऱ्यात गोळा होतात, म्हणून वाट तिथेच द्या.

1. गोठ्याच्या बाजूचा कोपरा निवडा, पण पाणी साचणारा सखल नको. पावसाळ्यात फाटकातच सगळ्यात जास्त चिखल होतो; तिथे मुरूम टाकून धुमसून घ्या.

2. बिजागऱ्या कोपऱ्यापासून लांबच्या खांबाला लावा आणि फाटक आतल्या बाजूला उघडू द्या. उघडलेलं फाटक एका बाजूला, कुंपण दुसऱ्या बाजूला, अशी आपोआप गल्ली तयार होते. एकटा माणूस मागून हळू चालला तरी कळप बाहेर पडतो.

3. ट्रॉली वळवून आत घ्यायची असेल तर रुंदी निदान 12 फूट धरा.

4. वरच्या बिजागरीची खुंटी खाली तोंड करून बसवा, खालची वर. म्हैस शिंगाने फाटक उचलून काढते, ते यामुळे थांबतं.

खड्डे खणण्याआधी चुना टाकून जागा आखा आणि जनावरं तिथून एकदा नेऊन बघा.

फाटकाजवळ काटेरी तार अजिबात नको. तिथे दाटी होते, सड आणि कास फाटते. निदान एवढ्या भागात तरी लोखंडी पाइप किंवा गुळगुळीत बांबू वापराच.