ऊसतोडीच्या हंगामातला सल्ला : फडाच्या कडेला खाली बसू नका

कारखान्यांची धुराडी पेटली, तोडणीच्या टोळ्या आल्या, त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहिल्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या ऊसवाल्यांना यंदाचा पहिला सल्ला खताचा नाही, बिबट्याचा आहे. उसाला पाठ करून एकट्याने खाली बसायचं नाही, एवढाच आहे. घास (हिरवा चारा) कापायला नाही, दारं धरताना (सरीत पाणी सोडताना) नाही, भांडी घासायला नाही, परसाकडे जायलासुद्धा नाही.

दरवर्षी हे सांगतो आणि दरवर्षी लोक शेळ्यांच्या गोठ्याबद्दल विचारतात. गोठ्याचं पुढे सांगतो, आधी हे ऐका.

उभा माणूस ही बिबट्याच्या नेहमीच्या शिकारीतली गोष्ट नव्हे. तो खातो कुत्रं, शेळी, डुक्कर, वासरू. ही सगळी जनावरं आपल्या मांडीएवढी, फार तर कमरेएवढी. त्यातही तो समोरून येत नाही. दबा धरतो, मागून झेपावतो, मान धरतो. आता संध्याकाळी साडेसहाला घास कापणारी बाई डोळ्यांसमोर आणा. उकिडवी बसलेली, पाठ उसाकडे, मान खाली, विळ्याची खसखस चाललेली. अंधुक उजेडात मागून ती शेळीएवढीच दिसते. लहान पोर तर उभं असलं तरी तेवढंच.

बिबट्या आहे म्हणजे माणूस मरणारच, असंही नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजले, तर शेतीच्या भर वस्तीत १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त होती कुत्री. माणसांवरचे हल्ले मात्र क्वचित.

उलट आपल्या जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे धरून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात सोडायचा सपाटा लागला आणि तेच हल्ले वर्षाला १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर काय करणार? म्हणून दिसला बिबट्या की पिंजरा मागायचा, हे मला पटत नाही. माणसामागे माणूस मारणाऱ्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा, तिथे दुमत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरमधल्या पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती.

रात्रीचं पाणी. लाईट रात्रीची असेल तर दोघं जा. मोठ्याने बोला, मोबाईलवर गाणी लावा, बॅटरी मागेही फिरवा. आखूड दांड्याचं खोरं घरी ठेवा आणि लांब दांड्याचं फावडं घ्या, म्हणजे दारं मोडताना कमरेत वाकावं लागत नाही. दुकानात बिबट्या पळवणारे भोंगे, लुकलुकते दिवे, उग्र वासाची औषधं काउंटरवर मांडलेली दिसतात. पहिले आठ दिवस फरक जाणवतो, मग जनावर सरावतं. ते पैसे गोठ्याच्या जाळीला घाला.

तोड. फड चारी बाजूंनी कापत आत जाऊ नका. वस्तीच्या बाजूने सुरुवात करा आणि दुसऱ्या उसाकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा, म्हणजे आतल्या जनावराला निघून जाता येतं. शेवटच्या पाच-सहा सऱ्या राहिल्या की सगळा धोका तिथेच गोळा होतो. थांबा, डबे वाजवा, मग कोयता लावा. मुकादमाला बजावा, पोरं फडाच्या कडेला वाढ्यांवर (उसाच्या कापलेल्या शेंड्यांवर) निजवायची नाहीत. ती ट्रॉलीत राहू देत, जवळ एक मोठं माणूस ठेवा.

पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर मुळीच नका. तोड तिथेच थांबवा, १९२६ या नंबरवर वनखात्याला कळवा. पिल्लं त्याच जागी ठेवली की बहुतेक वेळा आई रात्री येऊन नेते. पिल्लं गायब झाली की तीच आई वस्तीभोवती फिरते.

गोठा. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, दाराला कडी. मेलेल्या कोंबड्या बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. वस्तीच्या भिंतीपासून २०-२५ फूट ऊस नको, तिथे हरभरा किंवा कांदा घ्या. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. भुंकणारं कुत्रं एकदम गप्प होऊन घरात शिरलं तर मी त्या रात्री मोटर चालू करायला जात नाही, हाही अंदाजच.

खोडव्याची (तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाची) कामं
- बुडखे जमिनीलगत छाटा
- पाचट (उसाचा वाळला पाला) जाळू नका, सरीत दाबा
- टनभर पाचटाला युरिया ८ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो, कुजवणारं जिवाणू खत १ किलो
- हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५, पालाश ११५ किलो
- हे खत पहारीने भोकं पाडून दोन हप्त्यांत : १५ दिवसांच्या आत आणि १३५ दिवसांनी
- नांग्या (उसातल्या मोकळ्या जागा) भरा

पहार मारणारा उभा असतो, पण खत टाकणारा वाकतो. म्हणून हे काम जोडीनेच आणि ऊन असतानाच. शेजारच्याचा ऊस उभा असेल तर पहार मारणाऱ्याचं तोंड त्या उसाकडे हवं.

शेळी गेलीच तर त्याच दिवशी कळवा, पंचनामा होईपर्यंत हलवू नका, फोटो काढून ठेवा. भरपाई त्यावरच ठरते. अर्धवट खाल्लेल्या शेळीवर तो रात्री परत येतो, तेव्हा वनरक्षकाला दिवसाउजेडीच बोलवा. अंधार पडलाच तर तिच्याशेजारी राखण बसायचं नाही. पोरांना आत घ्या, कडी लावा आणि राखण घरातूनच करा.