आधी सन्नती, मग हफ्त गुंबज: सोलापूरहून सहल नेणाऱ्या नवख्या गाइडसाठी

विजापूरपासून सुरुवात करू नका. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, जेवणाची सोय, तिकीटखिडकी, सगळं आयतं आहे, कबूल. पण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाने शाळेच्या सहलीत गोलघुमटाच्या सज्जात उभं राहून आरोळी ठोकलेली असते. तुम्ही "मुहम्मद आदिलशहा" म्हणेपर्यंत अर्धी माणसं जिना चढायला लागतात. ४४ मीटर व्यासाचा घुमट समोर असला की तुमच्याकडे कोण बघतंय? गाइड नसला तरी तिथली सहल पार पडते. म्हणून तिथे तुमचं कच्चं काय आहे ते तुम्हाला कळतच नाही.

मी ज्या मार्गावर शिकले (आणि अजून शिकतेय) तो कलबुर्गी-सन्नतीचा. बहमनी सुलतानांच्या कबरी आणि भीमेकाठचा बौद्ध महास्तूप, दोन्ही एका दिवसात. सोलापुरातून पहाटे पाचला निघून रात्री आठ-नऊला परत. जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. दमवणारा मार्ग आहे. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या, कर्नाटकात शिरायचं परमिट आणि टॅक्स आधीच भरलाय का ते ड्रायव्हरच्या तोंडी ऐकून सोडू नका, कागद बघा. पाण्याचे जार, प्रथमोपचार, ज्येष्ठांची औषधं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. क्रम.

नकाशा उघडला की कलबुर्गी आधी लागतं, सन्नती त्याच्या पुढे साठेक किलोमीटर. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, वाटेत आहे ते आधी बघू, मग पुढे जाऊ. ज्यांच्याकडे मी सुरुवातीला काम करायचे त्यांच्या छापील कार्यक्रमातही तसंच होतं आणि मी ते निमूट पाळत होते. सकाळी हफ्त गुंबज (म्हणजे बहमनी सुलतानांच्या त्या कबरींचे घुमट), दर्गा, किल्ला, जेवण आणि मग सन्नती. कागदावर काही खोट दिसत नाही. जागेवर मात्र दिवस हातातून जातो, आणि का जातो हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. मला वाटायचं, माझंच बोलणं कमी पडतंय. रात्री घरी येऊन आरशासमोर सातवाहनांची वंशावळ म्हणायचे.

बोलण्याचा दोष नव्हता. एकतर ऊन. हफ्त गुंबजात आत शिरलं की सावली आणि गारवा. भर दुपारीही तिथे माणूस तासभर टिकतो. स्तूपाची जागा उघडी. तीन वाजता, पोट भरलेलं असताना, गाडीतून झोपेतून उठवून माणसांना उघड्यावर आणलं की ती झाड शोधतात, तुम्हाला नाही. दुसरं कारण त्याहून वाईट. सकाळपासून भव्य भिंती आणि घुमट बघून आलेल्या डोळ्याला स्तूपाची जागा म्हणजे पडलेले दगड वाटतात. "बस, एवढंच?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही ऐकू येतो. माणसं वाईट नसतात. त्यांच्या डोळ्यांना आपणच चुकीची सवय लावून आणलेलं असतं. आणि तिसरं, परतीची घाई. सन्नतीच्या देवीचं, चंद्रलांबेचं दर्शन बाकी, अंधार पडायच्या आत हमरस्त्याला लागायचं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. त्यात "हा राजा अशोक" असं सांगून पुढे सरकायचं? पाप आहे ते.

म्हणून उलटं करा. कलबुर्गीत चहापुरतं थांबा, घुमटांकडे गाडी वळवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आग्रह होतोच. एक निवृत्त सर प्रत्येक गाडीत असतात, ते म्हणतात, "मॅडम, वाटेतच आहे की, दहा मिनिटं." दहा मिनिटांचा तास होतो. त्यांना सांगा, सर, आज आपण कालक्रमाने जातोय. इसवीसनापूर्वीचं आधी, चौदाव्या शतकातलं नंतर. सरांना हे कारण पटतं. खरं कारण ऊन आहे हे त्यांना सांगायची गरज नाही.

साडेनऊच्या सुमारास सन्नतीशेजारच्या कनगनहळ्ळीला, स्तूपाच्या जागी पोचलात की उतरण्याआधी गाडीतच पाच मिनिटं घ्या. स्तूपाचा साधा आराखडा छापून प्रत्येकाच्या हातात द्या: खालचा गोल चौथरा, वर घुमटासारखा अंड, भोवती प्रदक्षिणेची वाट, चार दिशांना पुढे आलेले आयक-चौथरे. मग कागद हातात धरून सगळ्यांना उजवीकडे स्तूप ठेवत एक फेरी मारायला लावा. बोलू नका. पायांनी गोल कळला की दगड आपोआप जागेवर बसायला लागतात. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, तिथे राखणीला असलेल्या एका मामांनी शिकवलं. ते कन्नडमध्ये एवढंच म्हणाले की आधी फिरू दे, मग सांग.

मग सांगायला पुष्कळ आहे. १९८६ मध्ये सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं, मूर्ती भंगली आणि अशोकाचे आदेश कोरलेली शिळा उजेडात आली. शतकानुशतकं ती देवळाच्या बांधणीत दगड म्हणून वापरात होती. १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शेजारच्या कनगनहळ्ळीला खोदलं, तेव्हा हा स्तूप निघाला. शिलालेखांत त्याचं नाव आहे अधोलोक महाचैत्य. सातवाहन राजांची नावं इथल्या शिल्पपटांवर कोरलेली आहेत, म्हणजे आपल्या पैठण-जुन्नरची माणसं. आणि ब्राह्मीत "राया असोको" असं लिहिलेला, राण्या-दासींसह उभा राजा.

इथे सावध. "अशोकाचा खरा चेहरा" म्हणून हे शिल्प मोबाइलवर फिरत असतं आणि गाडीतले निम्मे लोक तेच बघून आलेले असतात. अशोक इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला. हे शिल्प त्याच्यानंतर काही शतकांनी सातवाहनकाळात कोरलेलं. कोरणाऱ्याने अशोकाला पाहिलेलं नव्हतं. हे सांगितलं की काहींचे चेहरे पडतात. पडू द्या. मग विचारा, इतक्या वर्षांनीही इथल्या माणसांना त्याचं नाव लिहावंसं का वाटलं असेल? यावर गाडी परतेपर्यंत वाद चालतो, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

आणखी एक हुकमी गोष्ट. हे पट भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीचे आहेत. शहाबाद इथून जवळच. सोलापुरातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला शहाबादी फरशी असते, ती याच पट्ट्यातली. हे सांगितलं की आजीबाईसुद्धा वाकून दगडाला हात लावायला जातात (लावू देऊ नका).

तुमच्या गटात कोणी बौद्ध कुटुंब असेल तर ते स्तूपापाशी वंदना म्हणायला थांबतील. त्या वेळी गप्प बसा. माहिती देण्याची खाज आवरा. दुसऱ्या बाजूला, चंद्रलांबा ही आपल्याकडच्या अनेक घरांची कुलदेवी. गाडीत ओटीचं सामान घेऊन आलेल्या बायका असतातच, त्यांनी ते तुम्हाला आधी सांगितलेलं नसतं. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि देवळासाठी तास राखून ठेवा. ज्याला हे "इतिहासात बसत नाही" म्हणून चिडायला होतं त्याने हे काम करू नये. जेवण तिथेच: कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, दही. हॉटेल शोधत बसलात की दुपार गेली.

दोन-अडीचपर्यंत कलबुर्गी. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची, अंगणच नसलेली, पूर्ण छताखालची. तिथे दुपार छान जाते. ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा दर्गा जागता आहे, डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवा, गटाला आत शांतपणे जाऊन येऊ द्या, भाषण बाहेर.

चार वाजता हफ्त गुंबज. आता तिरपं ऊन भिंतींवर येतं आणि गिलाव्यातली नक्षी उठून दिसते. इथे नवखे गाइड एक हमखास घोळ करतात: आदिलशाही आणि बहमनी एकत्र कालवतात. बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. आदिलशाही त्याच्या मोडतोडीतून १४९० मध्ये निघाली. आधीच्या घुमटांच्या भिंती जाड, आत कललेल्या, घुमट बसका. हा दिल्लीच्या तुघलकी बांधणीचा वास. मग बहमनी सुलतान फिरोजशहाच्या कबरीपाशी या: दोन घुमटांची, बाहेरून दुमजली भासणारी, नक्षीदार. एवढ्या अंतरात दख्खनने स्वतःचा हात कसा बसवला ते चालत-चालत दिसतं. फिरोज आणि गेसूदराज यांचं पुढे बिनसलं, ख्वाजांचा आशीर्वाद फिरोजच्या भावाला, अहमदशहाला मिळाला, आणि १४२२ या एकाच वर्षात फिरोज आणि ख्वाजा दोघेही गेले. अहमदशहाने राजधानी बीदरला नेली, म्हणून पुढच्या सुलतानांच्या कबरी तिकडे अष्टूरला. दुपारी दर्गा बघून आलेल्या माणसांना ही गोष्ट लगेच लागू पडते. सकाळी सांगितली तर नुसती नावं उरतात. क्रमाचा हाही फायदा.

थडग्यांबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या करा, कारण प्रश्न येतातच. अशा मोठ्या इमारतींत वर दिसतो तो दगड बहुतेकदा खुणेचा, खरं दफन खाली. कबर उत्तर-दक्षिण, चेहरा पश्चिमेला, मक्केकडे. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा आणि स्त्रीच्या कबरीवर सपाट तख्ती, हा संकेत पुष्कळ ठिकाणी दिसतो. चौथऱ्यावर चढून सेल्फी काढणाऱ्याला खाली उतरवा. माझा आवाज तेव्हा अजूनही थरथरतो, तरी उतरवते.

दंतकथांचं काय? विजापूरला जाल तेव्हा साठ कबरीपाशी कोणीतरी म्हणेलच की अफझलखानाने प्रतापगडाला जाण्याआधी त्रेसष्ट बायका मारल्या. ती गोष्ट सांगितली की टाळ्या मिळतात. सांगा, पण "लोक असं सांगतात" म्हणून सांगा. एकदा टाळ्यांची चटक लागली की पुढच्या ओसाड जागी तुम्ही स्वतःच गोष्ट रचायला लागता. मी असे गाइड पाहिलेत, त्यांची गर्दी माझ्यापेक्षा जास्त असते, आणि हो, मला त्याचा राग येतो.

व्हिडिओ पाठ करून काम करू नका. समोरच्यानेही तोच पाहिलेला असतो. ब्राह्मी मात्र शिका, अक्षरं थोडी आहेत, रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत नावं वाचता येतात. शिल्पावरचं एक नाव बोट फिरवत वाचून दाखवलंत की निवृत्त सरसुद्धा गप्प होतात. गुरू म्हणून मोठ्या नावांच्या मागे लागू नका. मला एका मोठ्या अभ्यासकांनी पिशवी उचलायला वर्षभर फिरवलं, शिकले मी त्या राखणदार मामांकडून. पर्यटन मंत्रालयाचा 'टुरिस्ट फॅसिलिटेटर'चा ऑनलाइन अभ्यासक्रम करा, शिस्त लागते. पण कर्नाटकात त्या जोरावर मिरवू नका. तिथल्या परवानाधारक गाइडला सोबत घ्या, त्याचे पैसे त्याला द्या. सोलापूरकराला कन्नड, तेलुगू, दख्खनी कानावर पडलेली असते, हे भांडवल पुण्या-मुंबईच्या गाइडकडे नाही. मोडकी कन्नड चालते. "हेंगिद्दीरी" (कसे आहात) म्हटलं तरी कुलूप उघडतं.

घाबरू नका. मी बी.एड. करून शाळेतल्या जागेची वाट बघत बसलेली बाई. पहिल्या गटासमोर माझे पाय लटपटत होते आणि आदल्या रात्री झोप अजूनही लागत नाही. पैशाचं म्हणाल तर पहिला काळ यावर घर चालणार नाही. शिकवण्या सुरू ठेवा. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी बुक करू नका, ओळखीच्यांकडून तर अजिबात नाही.

हा मार्ग जमला की धाराशिवची लेणी आणि तेर जोडून बघा. अंतर निम्मं, तेरचं संग्रहालय सुंदर, विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात, आणि गोरोबाकाकांचं गाव म्हणून घरातून परवानगी लगेच मिळते.

तारखा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्याच ठेवा, मार्चनंतर स्तूपाच्या जागी उभं राहवत नाही. त्यातही संक्रांतीचा आठवडा सोडा. गड्ड्याची यात्रा असते, सोलापुरात तेव्हा गाडी मिळत नाही, आणि मिळाली तर ड्रायव्हर नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेलेला असतो.