क्लोन केलेल्या तीस लॅपटॉपवर वायफाय कसं लावावं

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पेठेतल्या एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाईंचा फोन आला. "दादा, पहिल्या लॅपटॉपवर वायफाय छान चालतंय. त्याचीच कॉपी बाकीच्या एकोणतीसवर मारलीये, पण तिथे पासवर्ड मागतंय. आता मुलांसमोर एकेकावर टाइप करत बसू का?" असा फोन मला दरवर्षी कुठून ना कुठून येतो. कधी शाळा असते, कधी एखादी अभ्यासिका, तर कधी देणगीत जुने लॅपटॉप मिळालेली संस्था.

असं का होतं हे समजलं की पुढचं काम सोपं जातं. क्लोन म्हणजे पहिल्या मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल. पण वायफायची माहिती विंडोज ठेवतं ती त्या मशीनमधल्या वायफाय कार्डाच्या ओळखीखाली. दुसऱ्या लॅपटॉपमधलं कार्ड वेगळं असतं, त्यामुळे माहिती डिस्कवर असूनही तिला वाली नसतो. उलट मशीनचं नाव आणि आतला ओळख क्रमांक एकेकाचा वेगळा हवा, तो मात्र तीसही ठिकाणी सारखाच जातो. तेव्हा क्लोनच्या प्रतिमेत (म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या नकलेत) तेवढंच ठेवायचं जे सगळ्यांना समान आहे, आणि ओळख ज्याची त्याला नव्याने घेऊ द्यायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

आधी राउटर

लॅपटॉपला हात लावण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बघा. प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटायचं काम हे करतं. बऱ्याच घरगुती राउटरवर हे वाटप १०० ते १९९ या क्रमांकांपुरतंच असतं. तीस लॅपटॉपना ते पुरेसं वाटतं, पण शिक्षकांचे आणि पालकांचे फोनही त्याच नेटवर्कवर येतात, आणि पत्त्याची मुदत २४ तासांची असेल तर काल येऊन गेलेला फोनही आज पत्ता अडवून बसतो. वाटप २० ते २५० करा आणि मुदत दोन-तीन तासांवर आणा.

मग चॅनेल. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. 'ऑटो'वर सोडू नका. भारतात १२ आणि १३ हे चॅनेलही चालतात, पण अमेरिकेतून आलेल्या सेकंडहँड लॅपटॉपना ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. एकाच खोलीत काही मशीनना नेटवर्क दिसतं आणि काहींना नाही, असं झालं की मी सगळ्यात आधी चॅनेल तपासतो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, त्याआधीच्या लॅपटॉपांनी ते पेलेलच असं नाही.

नेटवर्कचं नाव साधं, इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या. 'आमची शाळा' असं देवनागरी नाव देता येतं. नावाची मर्यादा ३२ बाइट आहे, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह त्यातले तीन खातं, म्हणजे हे नाव २५ बाइटमध्ये बसतं. फोनवर ते फार गोड दिसतं. पण पुढे कमांडमध्ये हेच नाव लिहायचं असतं आणि तिथे देवनागरीने मला बराच त्रास दिलाय, म्हणून मी आता आग्रहाने इंग्रजी अक्षरंच सुचवतो.

जुन्या वाड्यात किंवा काळ्या दगडाच्या इमारतीत वर्ग भरत असेल, तर राउटर ऑफिसात ठेवून भागत नाही. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झची लहर जवळपास पोचतच नाही. ऑफिसातून लॅन केबल ओढा आणि वर्गातच एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, बसवा. दोन खोल्यांत दोन बसवले तर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ चॅनेल द्या. राउटर आणि ॲक्सेस पॉइंटला छोटा यूपीएसही लावा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतात, पण नेट जातं आणि तास वाया जातो.

मूळ मशीन तयार करणं

तीसातलं एक मशीन मूळ माना. त्यावर विंडोज, सगळे प्रोग्रॅम, मराठी टायपिंग, प्रिंटर असं जे हवं ते घाला. लॅपटॉप दोन-तीन मॉडेलचे असतील तर प्रत्येक मॉडेलच्या वायफायचा ड्रायव्हरही याच मशीनवर एका फोल्डरमध्ये ठेवा. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, आणि नेट येण्यासाठीच ड्रायव्हर हवा, हा पेच नंतर फार वेळ खातो.

आता वायफायला जोडा आणि प्रोफाइल, म्हणजे नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड यांची विंडोजने ठेवलेली नोंद, बाहेर काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. विंडोजमधल्या नेटएसएच (netsh) या नेटवर्कच्या कमांडच्या डब्ल्यूलॅन (wlan) विभागात 'एक्स्पोर्ट प्रोफाइल' ही कमांड आहे. तिला नेटवर्कचं नाव आणि फोल्डर द्या, आणि शेवटी 'की=क्लिअर' जोडायला विसरू नका. हे शब्द राहिले तर पासवर्ड कुलूपबंद स्वरूपात बाहेर पडतो, ते कुलूप दुसऱ्या मशीनला उघडत नाही, आणि नाव दिसूनही वायफाय लागत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत हे शब्द गाळून एक अख्खी दुपार घालवलीये. तयार झालेली एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. पासवर्ड साध्या अक्षरांत वाचता आला पाहिजे. याचाच अर्थ ही फाइल जपायची आहे. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि मूळ मशीनवरून पुसून टाका.

मग सिसप्रेप. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये हा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो. 'जनरलाइज'वर खूण करा, 'आउट-ऑफ-बॉक्स' पर्याय आणि शटडाउन निवडा. मशीनची ओळख इथे पुसली जाते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर सिसप्रेप अडतं. स्टोअरमधून एखाद्याच खात्यापुरतं घेतलेलं ॲपही त्याला अडवतं, ते काढून टाका. मशीन बंद झालं की चालू करायचं नाही. थेट क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कची प्रतिमा घ्या. चुकून विंडोज सुरू झालं, तर ओळख परत तयार होते आणि सिसप्रेप पुन्हा करावं लागतं.

आधी दोन, मग तीस

प्रतिमा फक्त दोन मशीनवर उतरवा. त्यांना लॅब-०१, लॅब-०२ अशी नावं द्या (१५ अक्षरांच्या आत) आणि त्याच नावाचं स्टिकर पाठीवर लावा. पेनड्राइव्हवर एक छोटी बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) करून ठेवा. तिच्यात नेटएसएचची 'ॲड प्रोफाइल' कमांड, एक्सएमएल फाइलचा पत्ता आणि 'युजर=ऑल' एवढंच लिहायचं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ती चालवली की वायफाय लागतं, आणि मुलांच्या साध्या खात्यातही ते चालतं. मुलांना ॲडमिनचं खातं देऊ नका, नाहीतर पासवर्ड दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला कळेल.

हे काम आपोआप करायला सेटअपकम्प्लीट नावाची फाइल वापरा, असं कुणी सांगेल. विंडोजची मांडणी पूर्ण होताच ती चालते, हे खरं. पण लॅपटॉपबरोबर आलेली कंपनीची ओईएम की, म्हणजे विंडोजचा परवाना क्रमांक, असेल, तर होम आणि प्रो आवृत्तीत विंडोज ती चालवतच नाही. देणगीतले लॅपटॉप बहुतेक असेच असतात, म्हणून पेनड्राइव्ह बरा.

दोन्ही मशीन एकाच वेळी चालू ठेवा. नावं वेगळी आहेत का, आयपी पत्ते वेगळे आहेत का, एक बंद करून चालू केल्यावर ते आपसूक जोडलं जातं का, ते बघा. घड्याळही बघा. आतला सेल मेला असेल तर तारीख मागे जाते, वायफाय लागतं पण एकही वेबसाइट उघडत नाही, आणि दोष मात्र नेटवर्कला लागतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायर जोडलेला सीआर२०३२ सेल असतो, तो पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. हे सगळं जमल्यावरच उरलेले अठ्ठावीस हातात घ्या.

लिनक्स असेल तर

डेबियनसारख्या लिनक्सवर प्रोफाइल ही साधी फाइल असते. 'इटीसी' फोल्डरमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या (लिनक्सवर नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) 'सिस्टिम-कनेक्शन्स'मध्ये ती सापडते आणि क्लोनबरोबर जातेही. अडचण तिच्या आतल्या ओळींची असते. मॅक-ॲड्रेस, इंटरफेस-नेम आणि परमिशन्स या ओळी असल्या तर काढून टाका, कारण त्या एका कार्डाला, एका नावाला किंवा एका खात्याला बांधतात. पीएसके-फ्लॅग्ज १ असेल तर पासवर्ड फाइलमध्ये नसून खात्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या तिजोरीत) आहे. ते ० करा आणि पासवर्ड फाइलमध्येच लिहा. फाइलची मालकी रूटकडे (लिनक्सचं ॲडमिन खातं) आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर तिच्याकडे बघतही नाही.

प्रतिमा घेण्याआधी मशीन-आयडी ही फाइल रिकामी करा. फाइल राहू द्यायची, फक्त आतला मजकूर काढायचा. पुढच्या वेळी चालू होताना प्रत्येक लॅपटॉप आपला नवा क्रमांक बनवतो. हे राहिलं तर काही मांडण्यांमध्ये दोन लॅपटॉपना एकच आयपी पत्ता मिळतो आणि दोघांचं नेट आळीपाळीने तुटतं. वर्षभर शोधूनही कारण सापडू नये असा हा त्रास आहे.

पासवर्ड बदलायची वेळ आली तर

एखादा लॅपटॉप हरवला किंवा पासवर्ड फुटला तर तो बदलावाच लागतो. राउटरवर थेट बदललात तर तीसही मशीन एकदम तुटतील. आधी राउटरवर नव्या नावाचं आणि नव्या पासवर्डचं दुसरं नेटवर्क सुरू करा. पेनड्राइव्हवर त्याचं प्रोफाइल घ्या आणि आठवडाभरात, जसा वेळ मिळेल तसं, एकेका लॅपटॉपवर घाला. वहीत लॅब-०१ ते लॅब-३० लिहून समोर बरोबरची खूण करत जा. तिसावी खूण झाली की जुनं नेटवर्क बंद करा.