मोडीवेड्यांची धुळ्याची सहल: संग्रहालय गटाने कसं पाहावं

मोडीचा वर्ग संपला की बहुतेक ठिकाणी एकच होतं. प्रमाणपत्रं मिळतात, व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो, महिनाभर कोणी ना कोणी जुन्या कागदाचे फोटो टाकतं आणि मग ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा उरतात. लिपी डोळ्यांखालून जात राहिली नाही तर वर्षभरात पुसली जाते. आमच्या अमळनेरच्या गटाचंही तेच होत होतं. सगळ्यांनी मिळून खरे कागद पाहायला जायचं असं ठरलं आणि गट पुन्हा जागा झाला. ही सहल कशी आखायची ते अनुभवावरून सांगतो.

कुठे जायचं

जुने कागद म्हटलं की लोकांना पुणं आठवतं. खान्देशातल्या माणसाला तेवढं लांब जायची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ला तिथेच गेले. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि कुजत पडलेल्या दप्तरांतून त्यांनी कागद गोळा केले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांचे २२ खंड उभे राहिले ते या पायपिटीवर. त्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ सुरू झालं. तिथल्या संग्रहात मोडी कागद आणि पोथ्या आहेत, ताम्रपट, नाणी आणि शिल्पंही आहेत.

धुळ्यातलं दुसरं ठिकाण म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांच्या खटपटीतून उभं राहिलेलं समर्थ वाग्देवता मंदिर. रामदासी मठांमधली हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत आणि खुद्द समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायणही तिथेच आहे. ते बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत आहे, मोडीत नाही, पण अक्षरावर प्रेम असलेल्या माणसाने ते एकदा पाहावंच.

दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी उरकायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत एकच ठिकाण धरा.

किती जण

आठ ते दहा, त्याहून जास्त नकोत. कारण साधं आहे. काचेच्या एका पेटीभोवती चार जणांनाच नीट वाचता येतं, पाचव्याला फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. आठ जणांचे दोन गट पाडता येतात, वीस जणांची जत्रा होते. एकदा आम्ही हौसेने बावीस जण एका संस्थेच्या दारात उभे राहिलो. आधी कळवलं नव्हतं आणि नेमकी त्या दिवशी सुट्टी होती. दोन ज्येष्ठ मंडळी पहाटे उठून आली होती. त्यांचे चेहरे आठवले की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पुढची पायरी आम्ही कधी गाळली नाही.

आधी कळवा

निदान पंधरा दिवस आधी फोन करा आणि पाठोपाठ एक छोटं पत्र द्या. पत्रात पाल्हाळ नको. एवढं पुरतं: ‘आम्ही मोडी शिकणारे नऊ जण आहोत. अमुक तारखेला सकाळी संग्रहालय पाहण्याची इच्छा आहे. मोडी कागदांपाशी थोडा अधिक वेळ थांबू. वाचायला एखादा कागद किंवा त्याची प्रत मिळाली तर आभारी राहू.’

फोनवर साप्ताहिक सुट्टी कधी, फोटो काढू देतात का, शुल्क किती, पायऱ्या किती हे विचारून घ्या. पायऱ्यांचं आवर्जून विचारा, कारण मोडीच्या वर्गात निवृत्त माणसं बरीच असतात आणि गुडघ्यांबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. मूळ कागद हाताळायला मिळाला नाही तर नाराज होऊ नका. तो आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळावा म्हणून तर ते नियम आहेत.

दिवस आणि गाडी

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये खान्देशातलं ऊन तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. डिसेंबरअखेरीस जायचं असेल तर लक्षात असू द्या, ३१ डिसेंबर २०२६ला राजवाड्यांना जाऊन १०० वर्षं होतात. त्या दिवसांत तिथे वर्दळ असू शकते, तेव्हा आणखी आधी विचारा.

दहा जण असतील तर क्रूझर परवडते. पण अमळनेर, पारोळा, शिरपूर अशा जवळच्या गावांहून निघणार असाल तर मी एसटीच सुचवीन. महिलांना अर्धं तिकीट, ६५च्या पुढच्यांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, त्यामुळे गटाचा खर्च बराच खाली येतो. ज्येष्ठांना ओळखपत्र घ्यायची आदल्या रात्री आठवण करा. चाळीसगावकडच्यांना थेट धुळ्याची रेल्वे आहे. पैसे एकाच्याच हाती ठेवा आणि निघायच्या आधी जमा करा. परतीच्या गाडीत हिशेब मांडत बसलं की पाहिलेल्या कागदांवर बोलायचं राहून जातं.

आदला रविवार

ही पायरी लोक सोडतात आणि मग आत गेल्यावर सगळंच अगम्य वाटतं. सहलीच्या आधीच्या रविवारी कोणाच्या तरी ओसरीवर तासभर बसा. नवं काही शिकायचं नाही, पत्रांत पुन्हा पुन्हा येणारे साचे घोटायचे. ‘राजश्री … गोसावी यांसी’ अशी सुरुवात, ‘विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहित जाणे’ हा मधला पूल, शेवटचं ‘बहुत काय लिहिणे, हे विनंति’. एवढं डोळ्यात बसलं तर अनोळखी पत्राचाही बराचसा भाग ओळखीचा निघतो. चिटणिशी आणि बिवलकरी या मोडी लिहिण्याच्या दोन वळणांचा एकेक नमुनाही शेजारी शेजारी ठेवून पाहा.

तारखेवर मात्र वेळ घाला. पेशवाईतल्या कागदांवर ‘छ’ या खुणेने चंद्राची तिथी आणि पुढे मोहरम, सफर, रबिलावल असे महिने येतात. साल शुहूर या जुन्या कालगणनेचं असतं आणि तेही अरबी शब्दांत. उदाहरण घ्या: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. इसन्ने म्हणजे २, सबैन ७०, मया १०० आणि अलफ १०००. बेरीज ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येतो. शुहूर वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर ६०० मिळवायचे. आमच्या गटात एक निवृत्त तलाठी आबा आहेत. त्यांनी हे आकडे पाढ्यासारखे म्हणवून घेतले आणि सगळ्यात धाकट्या मुलीचेच आधी पाठ झाले.

सोबत काय

शिसपेन्सिल आणि वही. पेन दप्तरातच राहू द्या, कागदाच्या आसपास शाई नकोच. एखादं भिंग आणि मोडी मुळाक्षरांचा एक तक्ता. फोटोची परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. पाण्याच्या बाटल्या बाहेर. एखादी प्रत उलटायची वेळ आली तर बोट जिभेला लावून पान उलटायची सवय आवरा, आपल्यापैकी अनेकांना ती असते.

ज्यांच्या घरी जुने मोडी कागद आहेत त्यांना त्यांची झेरॉक्स आणायला सांगा. मूळ कागद प्रवासात नको. आणि फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकटपट्टीचा डिंक कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायमचा बसतो.

आत गेल्यावर

पहिली वीस मिनिटं सगळ्यांना मोकळं सोडा. कोणी नाण्यांपाशी रेंगाळेल, कोणी मूर्तींपाशी, त्यांना हाका मारू नका. मग सगळ्यांनी मिळून एकच कागद निवडा आणि त्याच्यापाशीच थांबा. बाकीचं राहिलं तर राहू द्या. शंभर कागदांवरून नजर फिरवण्यापेक्षा एका कागदाच्या सहा ओळी लावणं मला केव्हाही मोलाचं वाटतं.

वाचायची पद्धत अशी. आधी अक्षर न लावता नुसता कागद पाहा. आधी ओढलेली लांब शिरोरेघ, तिला लोंबणारी अक्षरं, बोरू शाईत बुडवल्यावर ठळक झालेलं अक्षर आणि शाई संपत आल्यावर फिकट होत गेलेलं. शाई सुकवायला वाळू भुरभुरत, तिचा एखादा कण अजून रेषेत चमकताना दिसतो. मग एकाने मोठ्याने वाचायचं, एकाने लिहून घ्यायचं, बाकीच्यांनी ओळ पुरी होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. अडलेल्या जागी टिंबं द्या. अंदाजाने शब्द भरला की पुढची सगळी ओळ त्या अंदाजामागे वाकडी जाते.

निघताना तिथल्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला, संस्थेची प्रकाशनं विक्रीला असतील तर एखादं घ्या. घरी गेल्यावर लावलेल्या ओळी स्वच्छ लिहून त्यांना पाठवा.

जेवण आणि दुसरी बैठक

जेवण आधी नको. शेवभाजीचे हात कितीही धुतले तरी तेल राहतंच. संग्रहालय आटोपून निवांत जेवा. हिवाळा असेल आणि गटात कोणी धुळेकर असेल तर हॉटेलपेक्षा त्यांच्या घरचं भरीत आणि कळण्याची भाकरी बरी. सगळ्यांनी थोडं थोडं सामान नेलं तर घरच्या बाईवर भार पडत नाही, आणि भांडी घासायला पुरुषांनीही उठावं.

जेवणानंतर आणलेल्या झेरॉक्स काढा. मला हा तास सगळ्यात आवडतो. गेल्या वेळी आमच्यातल्या एका ताईंनी घरचं खरेदीखत आणलं होतं. एका ओळीत सगळे अडकलो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. डोळ्यांना दिसत होतं ते असं: ‘विहीरीसुधांदिल्हे’. जो तो आपापल्या वहीत वेगळ्या जागी तोडत होता. शेवटी धाकट्या मुलीने ते भराभर तीनदा मोठ्याने म्हटलं आणि तिसऱ्यांदा सगळ्यांच्याच कानात एकदम सुटलं: ‘विहीरी सुधां दिल्हे’. विहिरीसुद्धा दिले.

ताई गप्प झाल्या. त्यांच्या शेतात विहीर असल्याचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना विचारलं. विहीर बुजून कित्येक वर्षं झाली होती, पण सासूबाई उठल्या, शेतापर्यंत चालत गेल्या आणि बांधावरच्या निंबाखाली पाय ठेवून म्हणाल्या, ‘आठे व्हती, माय.’