प्रौढांनी लेगोतून स्वतःची रचना कशी उभारावी

लेगोचा संच विकत आणून सोबतच्या पुस्तिकेबरहुकूम जुळवणे हा उत्तम विरंगुळा आहे, आणि २०२० पासून कंपनी स्वतःच काही खोक्यांवर ‘१८+’ असे छापून तो मोठ्या माणसांना विकते आहे. या छंदात मुरलेली मंडळी स्वतःला ‘एफॉल’, म्हणजे लेगोचे प्रौढ चाहते, म्हणवतात. त्यांच्यात एखाद्याने किती संच जुळवले याला फारशी किंमत नसते. त्याने स्वतःच्या डोक्याने काय उभे केले, याची चौकशी होते. अशा स्वतंत्र रचनेला ते ‘मॉक’ म्हणतात. ज्यांना संच सहज जुळवता येतो, परंतु पुस्तिका बाजूला ठेवली की हात थबकतो, अशांसाठी पुढील विवेचन आहे. उदाहरणादाखल पुण्याच्या जुन्या वाड्याचा दर्शनी भाग घेतला आहे. तो घेण्याचे कारण असे, की दर्शनी भाग सपाट असल्याने नवशिक्याच्या आवाक्यातला आहे आणि त्यावरचा दरवाजा मात्र त्याला नीट विचार करायला लावतो.

मापे आधी पाठ करावीत

वर उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी डेन्मार्कमधील बिलुंडच्या या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. ठोकळ्यांचे प्लास्टिक पुढे १९६३ मध्ये बदलून एबीएस झाले, तरी मापे बदलली नाहीत. उंचवट्याला सगळे ‘स्टड’च म्हणतात, तेव्हा येथेही तोच शब्द वापरू. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर असते, पूर्ण ठोकळ्याची म्हणजे ब्रिकची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक होते, हे संच जुळवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते दुसरे समीकरण असे, की पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर भरते आणि दोन स्टडची रुंदीही तेवढीच असते. ठोकळे आडवे करून भिंतीत बसवण्याचे सारे कसब या एका समीकरणावर उभे आहे, म्हणून ते पाठच करावे.

त्यानंतर प्रमाण ठरवावे. लेगोचा छोटा माणूस, म्हणजे मिनिफिगर, सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस १७० सेंटिमीटरचा धरला तर हे प्रमाण साधारण १ : ४२ होते. या प्रमाणात एका स्टडची जाडी सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून थोडी अधिक, भरते. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असत, त्यामुळे दर्शनी भिंत दोन स्टड जाडीची करावी. एकाच स्टडच्या भिंतीत ठोकळे निम्मे लागतात हे खरे, पण मग वाडा पुठ्ठ्याचा वाटतो आणि दरवाजा आत घ्यायला जागाच उरत नाही. मिनिफिगर मुळात बसका असल्यामुळे रुंदीचा हिशेब काटेकोर जुळत नाही. तेथे डोळ्याला जे पटेल ते करावे.

दरवाजा

वाड्याच्या दारावर लोखंडी खिळ्यांच्या रांगा असतात. लेगोमध्ये स्टड ही गोष्ट बहुतेक वेळा लपवावी लागते. येथे मात्र तीच खिळ्यांचे काम करते. तपकिरी रंगाच्या २ × ६ मापाच्या दोन प्लेट उभ्या करून स्टडची बाजू रस्त्याकडे ठेवली, की दोन फळ्यांचे खिळे मारलेले दार तयार होते. प्लेटची सहा स्टड लांबी ४८ मिलिमीटर, आणि पाच ब्रिकची उंचीही नेमकी ४८ मिलिमीटर, त्यामुळे पाच ब्रिक उंच आणि चार स्टड रुंद अशा चौकटीत हे दार वर-खाली फट न राहता बसते.

आता ते धरून ठेवायचे कशाने, हा प्रश्न उरतो. एका बाजूलाही स्टड असलेली १ × १ ब्रिक मिळते. तिचा क्रमांक ८७०८७. अशा पाच ब्रिक एकावर एक रचल्या तर बाजूचे स्टड ९.६ मिलिमीटर अंतरावर येतात, तर प्लेटला ते ८ च्या पटीत हवे असतात, आणि दार एकाच जागी अडकून बाकीच्या ठिकाणी बसतच नाही. म्हणून खालून वर असा क्रम लावावा: आधी १ × १ मापाच्या दोन प्लेट, त्यावर बाजूला स्टड असलेली एक ब्रिक, आणि हेच आणखी दोनदा. एकूण उंची पंधरा प्लेट, म्हणजे पाच ब्रिकच होते, आणि बाजूचे तिन्ही स्टड एकमेकांपासून बरोबर १६ मिलिमीटरवर येतात. प्लेट ब्रिकच्या खाली ठेवाव्यात, वर ठेवू नयेत, कारण बाजूचा स्टड ब्रिकच्या मध्यावर नसून वरच्या कडेपासून ४ मिलिमीटरवर असतो. प्रत्येक फळीमागे असा एक खांब दोन स्टड जाडीच्या भिंतीतील मागच्या रांगेत उभा केला, की दार भिंतीच्या पृष्ठभागापासून ४.८ मिलिमीटर आत जाते आणि चौकटीची सावली त्यावर पडते. ही सावली मिळाली की काम साधले, असे माझे मत आहे; कोरीव गणेशपट्टीसाठी त्यानंतर एखादी गोल टाईल, म्हणजे वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा, लावली तरी पुरते. स्टड वर न ठेवता बाजूला वळवण्याच्या या पद्धतीला छंदिष्ट ‘स्नॉट’ म्हणतात.

बाकीची भिंत तुलनेने सरळ आहे. खाली दगडी जोत्यासाठी आणि वर विटांसाठी पृष्ठभागावर सांधे कोरलेली १ × २ ब्रिक, क्रमांक ९८२८३, वापरावी, पण सगळीकडे नव्हे. मधूनमधून साधी ब्रिक घातली की पडझड झालेल्या गिलाव्याचा भास होतो. कौलांसाठी ५४२०० क्रमांकाचा लहान उतरता तुकडा चालतो.

न करण्याच्या जोडण्या

दोन स्टडच्या मधल्या फटीत उभी प्लेट खोचण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण कागदावर हिशेब जुळतो: ८ मधून स्टडचा ४.८ मिलिमीटर व्यास वजा केला तर ३.२ उरतात, आणि प्लेटची जाडीही तेवढीच. परंतु या जुळणीत हलायला तसूभरही जागा नसते, तुकड्यांवर सतत ताण राहतो आणि कालांतराने त्यांची पकड सैल होते किंवा त्यांना चीर जाते. अशा जोडण्यांना ‘बेकायदा’ म्हणतात. हा विषय जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये चाहत्यांपुढे सचित्र मांडला होता. ते स्वतः प्रौढ चाहत्यांमधूनच कंपनीत अभिरचनाकार म्हणून गेले आणि २००७ चा ‘कॅफे कॉर्नर’ हा २,०५६ तुकड्यांचा संच त्यांनीच रचला. शहरी इमारतीच्या दर्शनी भागाचा अभ्यास करायचा असेल, तर ‘कॅफे कॉर्नर’ ज्या मालिकेतला आहे तिच्यातील कोणत्याही संचाची पुस्तिका चाळावी. कंपनी पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देते.

खरेदी शेवटी

आपल्याकडे या छंदाचा सर्वात मोठा अडसर पैसा हाच आहे. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. मागवण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा आणि टपालखर्च व शुल्क धरूनच अंदाज बांधावा. म्हणूनच आधी तुकडे गोळा करून मग काय करायचे ते ठरवण्याची, परदेशी छंदिष्टांना परवडणारी, पद्धत येथे सोडून द्यावी. आधी संगणकावर पूर्ण रचना करावी, मग यादी काढावी आणि खरेदी अगदी शेवटी करावी.

संगणकावरील रचनेची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही प्रणाली केली, आणि तिच्यातील तुकड्यांची मापे व क्रमांक पुढच्या अनेक प्रणालींनी आधाराला घेतले. आज बहुतेक जण ‘स्टुडिओ’ ही विनामूल्य प्रणाली वापरतात. तिच्यात एक धोका आहे: पडद्यावर कोणताही तुकडा कोणत्याही रंगात रंगवता येतो, पण कारखान्यात तो त्या रंगात कधी निघालाच नसेल, तर यादीतील ती ओळ निरुपयोगी ठरते. म्हणून न निघालेले रंग लपवण्याची सोय सुरुवातीपासूनच चालू ठेवावी.

सुटे तुकडे मिळण्याची मुख्य जागा म्हणजे ‘ब्रिकलिंक’. ही बाजारपेठ २००० साली एका चाहत्याने उभारली आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीने ती विकत घेतली. तेथे जगभरचे लहान विक्रेते आपापली दुकाने मांडतात आणि प्रत्येकाचा टपालखर्च वेगळा पडतो, त्यामुळे एखादा तुकडा दोन पैशांनी स्वस्त मिळतो म्हणून पाचवे दुकान गाठण्यापेक्षा सगळी यादी एक-दोन दुकानांत बसेल असा रंग किंवा आकार बदलून घेणे शहाणपणाचे. रंगांची नावेही जपून वाचावीत: ब्रिकलिंक ज्याला ‘लाइट ब्लूइश ग्रे’ म्हणते त्याला कंपनी ‘मीडियम स्टोन ग्रे’ म्हणते. करड्या रंगाची छटा २००४ च्या सुमारास बदलली असल्यामुळे जुना आणि नवा करडा जोत्यात मिसळला तर ठिगळ लावल्यासारखे दिसते. जुन्या वापरलेल्या मालात तांबूस तपकिरी तुकडे घेणे शक्यतो टाळावे. काही वर्षांच्या उत्पादनात हा रंग ठिसूळ निघाला आणि दाराच्या प्लेट नेमक्या त्याच रंगाच्या आहेत. हातातल्या तुकड्याचा क्रमांक हवा असेल तर तो उलटा धरून उजेडात पाहावा. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तो बहुधा कोरलेला असतो.

घरी जमलेले तुकडे नवशिके रंगांनुसार लावतात, कारण ते दिसायला सुंदर दिसते. ते आकारांनुसार लावावेत. काळ्या तुकड्यांच्या ढिगातून विशिष्ट काळा तुकडा शोधणे डोळ्याला फार जड जाते, तर एकाच आकाराच्या डब्यातून लाल तुकडा क्षणात हाती लागतो.

जपणूक आणि मंडळींतील रीतभात

खिडकीतून ऊन येणाऱ्या कपाटात रचना ठेवू नये. अतिनील किरणांनी पांढरे तुकडे पिवळे पडतात आणि निळ्यांची छटाही बिघडते. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढावी. धुवायचे झाल्यास ४० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात हाताने धुवावे आणि पंख्याखाली वाळवावे. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. पावसाळ्यात प्लास्टिकला काही होत नाही, पण कागदी पुस्तिकांना बुरशी धरते आणि तुकड्यांवर चिकटवलेले स्टिकर कडेने सुटू लागतात, तेव्हा कोकणात राहणाऱ्यांनी पुस्तिका बंद डब्यात ठेवलेल्या बऱ्या.

मंडळींमध्ये मिसळताना काही संकेत पाळावे लागतात. दुसऱ्याची युक्ती वापरली असेल तर तिचा कर्ता सांगावा. युक्ती उचलण्याबद्दल कोणी रागावत नाही, नाव गाळल्याबद्दल रागावतात. प्रदर्शनात मांडलेल्या रचनेला विचारल्याशिवाय बोट लावू नये, मग ती कितीही भक्कम दिसो. तुकडे कापावेत का, डिंक लावावा का, दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे चालवावेत का, यांवर कडाक्याचे वाद होतात. कापणे आणि चिकटवणे मला स्वतःला पटत नाही, कारण मग तो तुकडा पुढच्या रचनेसाठी उरत नाही. परंतु दुसऱ्या कंपनीचे ठोकळे वापरणाऱ्याला कमी लेखण्यात काही अर्थ नाही, विशेषतः आपल्याकडच्या किमती पाहता. मात्र ते ठोकळे वापरले असतील तर रचना दाखवताना तसे सांगावे. आपली कल्पना संच म्हणून बाजारात यावी अशी इच्छा असणाऱ्यांसाठी ‘लेगो आयडियाज’ ही वाट आहे. तेथे १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी प्रस्ताव तपासणीला घेते, पण तपासणीनंतर बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात, हे जाणून त्यात उतरावे.

वाडा प्रदर्शनाला न्यायचा असेल तर त्याचा विचार पाया घालतानाच करावा. सलग लांब पाया करण्याऐवजी ३२ × ३२ स्टडच्या तळपाट्यांवर सुटे भाग करावेत आणि शेजारच्या भागांच्या कडांना भोक असलेल्या टेक्निक ब्रिक एकाच उंचीवर समोरासमोर बसवाव्यात, म्हणजे पोचल्यावर पिना घालून भाग जोडता येतात. छप्पर उचलून वेगळे निघेल असे ठेवावे आणि प्रवासात ते स्वतंत्र खोक्यात, कौलांची बाजू वर करून न्यावे.