माऊसविना तिकीट काढण्याची तयारी

पावसाळी दमट हवेत ओलसर बोटांना टचपॅड दाद देत नाही आणि चवथ (गोव्यातली गणेशचतुर्थी) आटोपून पणजीहून पुण्याला परतण्याची तिकिटे नेमकी त्याच दिवसांत काढावी लागतात; म्हणून केवळ कीबोर्डवर पान चालवण्याची तयारी आधीच करून ठेवावी.

टॅबने पुढे आणि शिफ्ट धरून टॅबने मागे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधीचे काम मात्र हमखास राहते: ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडून, आपण पानावर ज्या जागी आहोत तिथे ठळक चौकट दाखवण्याचा पर्याय चालू करावा. एजमध्ये ही चौकट ठसठशीत दिसते, क्रोममध्ये क्षणभर उमटून विरते, तरी तेवढीही पुरते. मागच्या खेपेस एवढेच राहून गेले आणि ‘रद्द करा’वर एंटर पडून भरलेली सारी माहिती पुसली गेली. पाने बनवणारे अनेक जण चौकट शोभत नाही म्हणून ती काढून टाकतात. वास्तविक डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या जागतिक मानकात ती दिसलीच पाहिजे, असे २००८ पासून नमूद आहे. मॅकवर सफारी वापरणाऱ्यांनी टॅबने दुव्यांवर जाण्याची सोयही सेटिंग्जमध्ये चालू करावी, अन्यथा टॅब दुवे ओलांडून जातो.

माहिती भरताना रकान्यात एंटर दाबू नये, कारण अर्धवट अर्जच पुढे जाऊ शकतो. पुढच्या रकान्यात टॅबनेच जावे. चौकोनात खूण करायला स्पेस पुरतो. थांब्यांच्या यादीत मात्र जपून राहावे: चौकट त्या यादीवर असताना पान खाली सरकवण्याच्या समजुतीने बाण दाबला, तर पणजीच्या जागी निमूटपणे म्हापसा येते. म्हणून पुन्हा सांगतो, चौकट कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कोणतीही कळ दाबू नये. तारीख टंकता येत असेल तर टंकावी; कॅलेंडरमध्ये बाणांनी फिरणे हा पुढचा उपाय. लांबलचक पानावर टॅब बडवत बसण्याऐवजी कंट्रोल-एफने दुव्यातील शब्द शोधावा, एस्केप दाबावे आणि मग एंटर.

मध्येच उगवलेली खिडकी एस्केपने बंद होते, निदान व्हायला हवी. मागे जाण्यासाठी विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण. ओटीपीसाठी मोबाइल जवळ असावा. ‘पैसे भरा’पाशी पोहोचल्यावर चौकट त्याच बटणावर आहे ना, हे पाहावे आणि मगच एंटर दाबावे.