चष्म्याच्या चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचावेत

“माझा नंबर सहा बाय सहा आहे,” असं कुणी म्हणालं, की त्यात दोन वेगळी मापं एकमेकांत मिसळलेली असतात. ६/६ ही नजर झाली, नंबर नव्हे. -२.०० हा नंबर. आणि डोळ्याची तब्येत ही तिसरीच गोष्ट, जी या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. तुमची चिठ्ठी समोर ठेवा आणि एकेक माप वेगळं करा.

१. आधी नजर बघा

अपूर्णांकातला वरचा आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर बसला होता. खालचा आकडा म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस तीच ओळ किती मीटरवरून वाचू शकतो. म्हणजे ६/१८ असेल, तर इतरांना १८ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. २०/२० हेही ६/६च, फक्त फुटांत मोजलेलं. ही पद्धत हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये रूढ केली. तपासणीची खोली लहान असेल तर आरसा लावून अंतर भरून काढतात.

६/१२ म्हणजे ‘निम्मी नजर गेली’ असा हिशेब करू नका, ही टक्केवारी नाही. ६/६ ही कमाल मर्यादाही नाही. अनेक तरुण डोळे त्याखालची ओळ सहज वाचतात. एक मात्र जरूर विचारा: हा आकडा चष्मा लावून आहे की चष्म्याशिवाय? चष्म्याशिवाय ६/६० आणि चष्म्याने ६/६, यात काळजीचं फारसं काही नसतं. योग्य चष्मा लावूनही ६/१८च येत असेल, तर कारण शोधायलाच हवं.

२. मग नंबर

उजव्या-डाव्या डोळ्याच्या ओळी वेगळ्या असतात. उजव्यासाठी ‘ओडी’ आणि डाव्यासाठी ‘ओएस’ ही लॅटिन आद्याक्षरं असतील.

पहिला रकाना स्फिअर. उणे चिन्ह म्हणजे लांबचं धूसर. अधिक असेल तर डोळ्याला जवळचं बघताना जास्त जोर लावावा लागतो. एकक डायॉप्टर, म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप, आणि आकडा पाव-पावने वाढतो. उणे नंबरवाल्यांसाठी एक सोपं गणित आहे: १ भागिले नंबर, उत्तर मीटरमध्ये. -२.०० असेल तर चष्म्याशिवाय साधारण ५० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट, पुढे धूसर. -४.०० ला ते अंतर २५ सेंटिमीटर होतं. चष्मा काढून, एक डोळा झाकून पुस्तक हळूहळू लांब नेऊन बघा, पटेल.

दुसरा रकाना सिलिंडर. बुबुळाची गोलाई चेंडूसारखी सारखी नसून अंड्याच्या कुशीसारखी एका दिशेने जास्त असली, की हा नंबर लागतो. शेजारचा ॲक्सिस ती दिशा सांगतो, १ ते १८० अंशांत. ॲक्सिस १७० बघून घाबरणारे बरेच भेटतात. तो कोन आहे हो, नंबर नाही!

चाळिशीनंतर ‘ॲड’ येतो, म्हणजे वाचण्यासाठीचा जादा नंबर, तो लांबच्या नंबरात मिळवायचा. +१.०० ला ॲड +१.५० असेल तर वाचायचा नंबर +२.५०. -२.०० ला ॲड +२.०० असेल तर बेरीज शून्य, म्हणून अशी माणसं वाचताना चष्मा कपाळावर सरकवतात.

३. नंबर अचानक बदलला तर थांबा

रक्तातली साखर वरखाली होत असेल तर नंबरही डोलतो. साखर स्थिरावल्यावरच नवा चष्मा करा. उतारवयात जवळचा चष्मा आपोआप सुटला, तर आनंद करण्याआधी मोतीबिंदू तपासून घ्या. भिंगातल्या बदलाने तसं होऊ शकतं.

४. आता तब्येत, जी चिठ्ठीवर नसते

काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. तक्त्यावर ६/६ वाचणाऱ्यालाही तो असू शकतो. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा मानतात, पण या मर्यादेतही काचबिंदू होतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, डोळ्यातली नसही बघावी लागते.

‘बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा (डोळ्याच्या आत मागे असलेला रेटिना) तपासला का?’ हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी साधारण दरवर्षी करावी, दिसायला काही त्रास नसला तरी. -६.०० च्या पुढच्या नंबरवाल्यांनीही नियमित करावी, कारण लांबट झालेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवू नका.

घरी अधूनमधून एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. लहान मुलांत आळशी डोळा (एका डोळ्याची नजर नीट न वाढणं) त्यामुळेच लक्षात येत नाही.

५. यात वेळ घालवू नका

डोळ्यासमोर एकाएकी वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा सडा, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटणं, अचानक नजर जाणं, किंवा लाल डोळ्यासोबत जोराचं दुखणं आणि मळमळ: लगेच डॉक्टर गाठा. डोळ्यात रसायन उडालं तर मात्र आधी किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने सतत धुवा, मगच निघा.